मेरूपासून लंकेपर्यंत, वाटेत परळी

परळीच्या वैजनाथाचे देऊळ ज्या डोंगराच्या उतारावर आहे त्याला गावात मेरू म्हणतात. पुराणातला मेरू सोन्याचा. त्याच्या माथ्यावर देव राहतात आणि सूर्य-चंद्र त्याला फेऱ्या घालतात. परळीचा मेरू काळ्या दगडाचा, बालाघाटच्या रांगेचा एक कोपरा. उन्हाळ्यात त्याच्यावर गवताची काडी शोधावी लागते. दगडी पायऱ्या चढून वर गेले की धाप लागते न लागते तोच देवळाचा दरवाजा येतो. एवढ्याशा चढाला मेरू म्हणायला धीर लागतो, आणि तो धीर बीड जिल्ह्यातल्या माणसांनी केव्हाचाच केला आहे.

आत गेल्यावर आणखी एक गोष्ट वेगळी दिसते. बऱ्याच ज्योतिर्लिंगांच्या ठिकाणी गाभारा खोल असतो. खाली उतरावे लागते, वाकावे लागते, आणि पुजाऱ्याच्या खांद्यावरून जेवढे दिसेल तेवढे पाहायचे. परळीला गाभारा आणि सभामंडप एकाच पातळीत आहेत. मंडपात उभे राहिले तरी पिंड दिसते. तिला हात लावून दर्शन घेण्याची रीतही जुनी आहे. शेतातून आलेला माणूस दोन्ही तळवे पिंडीवर टेकवतो, तेच तळवे डोळ्यांना लावतो आणि मागच्याला जागा देतो.

हात का लावायचा, याची कथा समुद्रमंथनापासून सुरू होते. चौदा रत्ने निघाली. त्यांत धन्वंतरी आणि अमृत शेवटी आले. दैत्य अमृतावर धावले, तेव्हा विष्णूने धन्वंतरी आणि अमृत दोन्ही शंकराच्या लिंगात लपवले. दैत्यांनी लिंगाला हात घातला तर त्यातून ज्वाळा निघाल्या. भक्तांनी हात लावला तर अमृत पाझरले. म्हणून हा वैद्यनाथ, आणि म्हणून स्पर्श मोकळा. कथेने दैत्य सोडून कोणालाच अडवलेले नाही. माणसांनी मात्र अडवले. पंढरपूरच्या विठोबापर्यंत सगळ्यांना पोचता यावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषणाला बसावे लागले. कथा समाजाच्या बरीच पुढे होती, एवढेच इथे नोंदवून पुढे जातो.

परळीच्या कथा एकापुढे एक मांडल्या की त्यांतले सूत्र लपत नाही. इथे मार्कंडेयाचे तीर्थ आहे. सोळाव्या वर्षी मरण लिहिलेला हा मुलगा पिंडीला मिठी मारून यमाच्या फासातून सुटला. गावात वटेश्वर आहे. सावित्रीने यमाशी वाद घालून सत्यवानाला परत आणले ते इथल्याच वडाखाली, असे परळीकर सांगतात. रावणाची कथाही शेवटी वैद्याचीच आहे. शंकर प्रसन्न होईना म्हणून रावणाने एकेक करून नऊ शिरे कापून वाहिली. दहाव्याला हात घातला तेव्हा देव प्रकटला आणि त्याने सगळी शिरे जागच्या जागी जोडून दिली. इतकी अवघड शस्त्रक्रिया करणाऱ्याला वैद्यनाथ नाही म्हणायचे तर कोणाला? ज्या मुलखात पाऊस दर दोन-चार वर्षांनी दगा देतो आणि पूर्वी पटकी-प्लेगाच्या साथी गावेच्या गावे उठवत, तिथल्या मोठ्या देवाने वैद्य असावे यात मला नवल वाटत नाही. परळीच्या सगळ्या कथा मरण परतवण्याच्या आहेत.

रावणाला शिरे परत मिळाली, पण त्याचे समाधान झाले नाही. शंकरालाच लंकेला न्यायचे त्याने ठरवले. शंकराने लिंग दिले आणि अट घातली: वाटेत जमिनीवर ठेवायचे नाही. पुढचे सगळ्यांना माहीत आहे. देवांनी डाव रचला, रावणाला लघुशंका लागली, त्याने लिंग एका गुराख्याच्या हाती दिले आणि गुराख्याने ते खाली टेकवले. ते तिथेच रुतले.

कुठे? इथून भांडण सुरू होते. झारखंडातले देवघर म्हणते, आमच्याकडे. श्रावणात सुलतानगंजहून गंगेचे पाणी कावडीत भरून लोक शंभरावर किलोमीटर अनवाणी चालत तिथे येतात. हिमाचलात कांगड्याजवळचे बैजनाथ आपला हक्क सांगते. गोकर्णाला हीच कथा महाबळेश्वराची म्हणून सांगतात आणि तिथला गुराखी म्हणजे खुद्द गणपती. बारा ज्योतिर्लिंगांच्या स्तोत्राचेही दोन पाठ चालत आले आहेत. एकात परळीचे नाव स्पष्ट आहे, दुसऱ्यात वैद्यनाथ ईशान्येला सांगितला आहे. महाराष्ट्र आपली पाच ज्योतिर्लिंगे मोजतो. त्यांतली वेरूळ, औंढा आणि परळी ही तीन मराठवाड्यातली. औंढ्याच्या नागनाथालाही द्वारकेजवळचा नागेश्वर प्रतिस्पर्धी आहेच. मला या वादाचा निकाल लावायचा नाही. रावण लंकेला निघाला होता, तर त्याची वाट परळीवरून जाते हे कोणाला आणि का सुचले असेल, हे शोधण्यात मला अधिक गोडी आहे.

आणि याचा धागा पुराणात मिळत नाही. तो गणिताच्या ग्रंथात मिळतो.

भास्कराचार्यांनी शके ११०५ म्हणजे इ. स. ११८३ हे वर्ष धरून ‘करणकुतूहल’ नावाचा ग्रंथ लिहिला. पंचांग करणाऱ्यांना हाताशी असावा असा हा ग्रंथ आहे. ग्रहांची गणिते कुठल्या तरी एका रेषेपासून करावी लागतात. आज ती ग्रिनिचवरून जाते, आपल्याकडे ती उज्जैनीवरून जात असे. तिला भूमीची मध्यरेखा म्हणत. ही रेषा कोणकोणत्या ठिकाणांवरून जाते, याची यादी भास्कराचार्यांनी दिली आहे. दक्षिणेकडून सुरुवात होते ती राक्षसांच्या नगरीने, म्हणजे लंकेने. मग देवकन्या, म्हणजे कन्याकुमारी. मग कांची, मग सितपर्वत, मग पर्यली, मग वत्सगुल्म म्हणजे आपले वाशीम, मग उज्जैनी, गर्गराट, कुरुक्षेत्र, आणि सगळ्यांत शेवटी उत्तरेला मेरू.

ही पर्यली म्हणजे परळी. परळीच्या जुन्या नावांत कांतीपूर, वैजयंती, जयंती यांच्या जोडीला ‘मध्यरेखा’ हेही नाव सांगितले जाते. यात्रेच्या पुस्तकांत ते सापडते आणि बहुतेक जण वाचून पुढे जातात, कारण देवाच्या गावाला भूगोलाचे नाव कशाला, हे लागत नाही. भास्कराचार्यांची यादी शेजारी ठेवली की लागते. कांची बरीच पूर्वेला सरकलेली आहे, ती सोडा. उज्जैन, कुरुक्षेत्र, परळी, वाशीम, कन्याकुमारी ही ठिकाणे आजच्या नकाशावर साधारण दोन अंशांच्या पट्ट्यात बसतात. घटिकापात्र आणि ग्रहणांच्या वेळा एवढ्याच साधनांवर हे काम फारच चोख झाले आहे.

ओघात आले म्हणून सांगतो. भास्कराचार्यांनी आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाचे विज्जलविड असे सांगितले आहे आणि काही अभ्यासकांनी ते बीडच असे मानले होते. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखामुळे आज पारडे खानदेशाकडे झुकते. बीडकरांनी वाईट वाटून घेऊ नये, परळी यादीत आहेच.

आता रावणाची वाट पुन्हा पाहा. तो देवांच्या डोंगरावरून निघतो आणि राक्षसांच्या नगरीला जातो. मेरू ते लंका. तीच रेषा. गणिती लोकांनी जी रेषा दक्षिणेकडून उत्तरेला मोजली ती कथेने उत्तरेकडून दक्षिणेला चालून दाखवली, आणि वाटेत परळीला लिंग खाली टेकले. कथा आधी की रेषा आधी, हे ठरवणारा कागद कोणाकडे नाही. दोन्हींत एका टोकाला लंका आणि दुसऱ्या टोकाला देवांचा डोंगर आहे, कथेत तो कैलास आणि यादीत मेरू, एवढे खरे. पण परळीच्या डोंगराला मेरू का म्हटले, याला माझ्या मते यापेक्षा बरे उत्तर नाही. ज्या रेषेच्या टोकाला मेरू, त्या रेषेवरच्या गावाने तो आपल्या दारात आणून ठेवला.

खऱ्या कैलासाला जाणे या मुलखातल्या माणसाला कधीच सोपे नव्हते. मानसरोवर समुद्रसपाटीपासून साडेचार हजार मीटरहून उंच. त्याला लागूनच पश्चिमेला राक्षसताल आहे. रावणाने तिथे तप केले, म्हणून त्याचे पाणी खारट आणि मानसरोवराचे गोड, असे यात्रेकरू सांगतात. भारतातून जाणारी ही यात्रा २०२० मध्ये बंद पडली ती २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली, तीही चिठ्ठी लागलेल्या मोजक्यांसाठी. मराठवाड्याने देवांचा डोंगर दोनदा आपल्याकडे आणला. एकदा आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात वेरूळचा अखंड डोंगर वरून खाली कोरून. तिथे कैलास हलवणारा रावणही आहे. दुसऱ्यांदा परळीला, छिन्नी न लावता, नुसत्या नावाने.

आणि डोंगर आला की पाणी हवेच. परळीचे मानसरोवर म्हणजे हरिहर तीर्थ, देवळाजवळचे दगडी बांधणीचे कुंड. वैजनाथाच्या रोजच्या पूजेचे पाणी याच तीर्थाचे. नावातच विष्णू आणि शंकर एकत्र आहेत, आणि परळी त्यांच्या भेटीचे क्षेत्र मानले जाते. वैकुंठ चतुर्दशीला शंकराला तुळस आणि विष्णूला बेल वाहतात. एरवी हे उलटे झाले तर घरातली आजी हात धरते.

परळीहून अंबाजोगाई सुमारे पंचवीस किलोमीटर. मधे बालाघाटचा घाट आहे. जुनी माणसे अजून आंबे म्हणतात, निजामी अमदानीत गावाचे नाव मोमिनाबाद होते. इथली योगेश्वरी म्हणजे जोगाई ही कुमारिका आहे, आणि ती तशी का राहिली याची कथा परळीशी बांधलेली आहे. वैजनाथाशी तिचे लग्न ठरले होते. वऱ्हाड निघाले, मांडव पडला, हत्ती-घोडे आले. पण मुहूर्त टळला. लग्न मोडले, आणि आलेले वऱ्हाड होते तिथे दगड होऊन राहिले. जयंती नदीच्या काठी कोरलेल्या लेण्यांत तो दगडी मांडव आणि ते दगडी हत्ती आजही पाहायला मिळतात. लोक त्या जागेला हत्तीखाना म्हणतात. देवी परळीला गेली नाही. तिने दंतासुराला मारले आणि डोंगरात एकटी राहिली.

भास्कराचार्यांच्या यादीतले दुसरे नाव आठवा: देवकन्या. कन्याकुमारीची कथा काय आहे? जवळच्या शुचींद्रमच्या शंकराशी तिचे लग्न ठरले होते. रात्री वरात निघाली, नारदाने कोंबडा आरवल्याचा आवाज काढला, उजाडले असे समजून शंकर परत फिरला. लग्नाच्या तांदळाची वाळू झाली. देवी कुमारिका राहिली आणि तिने बाणासुराला मारले. नवरदेव शंकर, चुकलेला मुहूर्त, दगड किंवा वाळू झालेला लग्नाचा सरंजाम, कुमारिका, आणि तिच्या हातून मेलेला असुर. एका टोकाला समुद्र, दुसऱ्या टोकाला बालाघाट, आणि दोन्ही ठिकाणे जवळजवळ एका रेखांशावर. योगायोग म्हणावा तर म्हणा. मला ही यात्रेकरूंची वाट वाटते. रामेश्वराहून काशीला आणि काशीहून रामेश्वराला चालणारी माणसे गंगाजळाच्या कावडीबरोबर गोष्टीही वाहून नेत, आणि ज्या गावात बसतील तिथे त्या बसवत.

लेणी कथेच्या आधीची आहेत हे उघड आहे. कोरणाऱ्यांची नावे लोक विसरले, हत्ती मात्र समोर उभे. त्यांचे कारण काहीतरी सांगावेच लागणार. लग्नाहून चांगले कारण कोणते?

या गावात ज्यांची नावे टिकली ती भास्कराचार्यांच्या काळाच्या आसपासची आहेत. भास्कराचार्यांचा ग्रंथ ११८३ चा. त्यानंतर चार-पाच वर्षांत भिल्लम यादवाने देवगिरीला आपले स्वतंत्र राज्य उभे केले. ‘विवेकसिंधू’ हा मराठीतला आद्य ग्रंथ परंपरेने शके १११० म्हणजे ११८८ चा मानतात. त्याच्या कर्त्याची, मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईजवळ डोंगराच्या कपारीत दाखवतात. इथेही देवघरासारखाच वाद आहे: विदर्भातले वैनगंगेकाठचे आंभोरे म्हणते, मुकुंदराज आमचे. ग्रंथाच्या सालाबद्दलही विद्वानांत एकमत नाही. पण आंब्याचा शिलालेख वाद घालू देत नाही. यादव राजा सिंघण याचा सेनापती खोलेश्वर याने इथे देवळे बांधली, लेख कोरवले. त्यांतला बाराखांबी देवळाचा लेख शके ११५० म्हणजे १२२८ चा आहे.

खोलेश्वराचा मुलगा राम गुजरातच्या मोहिमेवर गेला आणि तिथे लढाईत पडला. त्याची बहीण लक्ष्मी हिने भावाच्या नावाने रामनारायणाचे देऊळ बांधले. त्या लेखाचा शक ११६२, म्हणजे १२४०. आंब्याच्या दगडांत मला सगळ्यांत जास्त आपला वाटणारा दगड हाच. परळीच्या वडाखाली सावित्री नवऱ्याला यमाकडून परत आणते. पंचवीस किलोमीटरवर लक्ष्मीला भाऊ परत आणता आला नाही, म्हणून तिने त्याच्या नावाला विष्णू जोडला आणि देऊळ उभे केले. पहिल्या गोष्टीचे पुराण झाले. दुसरीचा फक्त शिलालेख राहिला आणि तो वाचायला अभ्यासक लागतो.

यादव गेले, सुलतान आले, पण यात्रा थांबल्या नाहीत. सोळाव्या शतकात दासोपंत आंब्याला येऊन राहिले. कागद पुरेना म्हणून की काय, त्यांनी सुमारे चाळीस फूट लांबीच्या कापडावर ‘पंचीकरण’ लिहिले. ती पासोडी आंब्याचे भूषण आहे. तिकडे मांजरसुंब्याजवळ कपिलधारला डोंगरावरून पडणाऱ्या धारेखालच्या कुंडाजवळ लिंगायत संतकवी मन्मथस्वामींची समाधी झाली. कपिल मुनींच्या तपाची ही जागा. कार्तिक पौर्णिमेला तिथे मराठवाड्यातून आणि कर्नाटकाच्या सीमेवरून दिंड्या येतात. बीड शहरात कंकालेश्वर तर पाण्याच्या कुंडातच उभा आहे. डोंगर आणि पाणी ही जोडी या जिल्ह्यात सुटत नाही.

जोगाईचा पसारा मात्र बालाघाटाच्या बाहेर गेला. कोकणस्थ ब्राह्मणांतल्या कितीतरी घराण्यांची ती कुलस्वामिनी आहे. चिपळूणकडच्या माणसाची देवी इतक्या लांब कशी? कथा सांगते की परशुरामाने नव्या वस्तीतल्या मुलांसाठी आंब्याच्या मुली मागितल्या. देवीने होकार दिला, पण माझ्या लेकी नेताय तर कुळाची देवी मीच, ही अट घातली. स्वतःचे लग्न मोडलेल्या देवीने दुसऱ्यांची लग्ने जमवली आणि त्या बदल्यात माहेर कायमचे बांधून घेतले. आजही नव्या जोडप्यांना पुण्या-मुंबईहून इथे आणतात. देवीला कुटलेल्या विड्याचा तांबूल देतात आणि तोच प्रसाद म्हणून घरी येतो.

वैजनाथाचे आजचे देऊळ अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केलेले. त्यांनी १७६७ ते १७९५ महेश्वरहून कारभार पाहिला. काशी, सोमनाथ, वेरूळचे घृष्णेश्वर ही कामे त्यांच्याच नावावर आहेत. परळीभोवतीच्या मुलखावर तेव्हा निजाम आणि पेशवे दोघांचा डोळा होता. याच जिल्ह्यात गोदाकाठी राक्षसभुवनला १० ऑगस्ट १७६३ रोजी माधवराव पेशव्यांनी निजामाचा मोड केला होता, आणि १७९५ मध्ये खर्ड्याला पुन्हा लढाई झाली. या दोन लढायांच्या मधल्या काळात बाईंनी इथे दगड लावले. मनासारखा दगड मिळेना, मग स्वप्नात दृष्टांत झाला आणि जवळच्याच त्रिशूळादेवीच्या डोंगरात तो सापडला, असे परळीत सांगतात. दृष्टांताचे तुम्ही ठरवा. मला तो हिशेबी कारभार वाटतो: महेश्वरहून गाडी भरून दगड आणण्यापेक्षा शेजारचा डोंगर फोडणे केव्हाही स्वस्त.

अमृताच्या गावाची आजची गोष्ट पाण्याचीच आहे. परळीला औष्णिक वीजकेंद्र आले, त्याच्या राखेचा थर पत्र्यांवर आणि पिकांवर बसू लागला. केंद्राला गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्याचे पाणी लागते. २०१३ च्या दुष्काळात ते आटले आणि केंद्र बंद ठेवावे लागले. त्याच वर्षी महाशिवरात्रीची यात्रा मात्र भरली.

परळीला जाल तेव्हा पायऱ्या चढण्याआधी हरिहर तीर्थावर जा, आणि तिथल्या पाण्यात बेलफुलांचा कचरा टाकू नका. मग आंब्याला या. देवीचे दर्शन झाले की परतीची गाडी पकडायच्या आधी तासभर काढा, हत्तीखान्यात उतरा, आणि लक्ष्मीचा लेख कुठे आहे ते गावात कोणाला तरी विचारा.